पितृपक्षातली गाडी

शामसुंदर गायधनी गुरुजींना आयुष्यात कधी गाडी चालवता आली नाही, पण नाशकातल्या निम्म्याअधिक गाड्यांच्या बॉनेटवरचं पहिलं स्वस्तिक त्यांच्या बोटाचं होतं. सकाळी रामकुंडावर यात्रेकरूंचे विधी, आणि ते आटोपले की धोतर बदलून, कपाळावरचं गंध तसंच ठेवून, गंगापूर रोडच्या शोरूममध्ये वाहनपूजा, असा त्यांचा कित्येक वर्षांचा क्रम. रामकुंडाचा वारसा वडिलांकडून आलेला. शोरूमचा मात्र त्यांनी स्वतः कमावलेला. चाकांखाली लिंबं, समोर नारळ, आरशांना हार, आणि पूजा ऐन रंगात आली की मालकिणीकडे वळून सांगायचं, "वहिनी, हाताला हात लावा." म्हणजे पूजा मालकाने करायची आणि बायकोने त्याच्या उजव्या हाताला आपला हात लावायचा, पुण्य दोघांना सारखं. हे वाक्य ते एकदा झोपेतही बोलले होते, असं त्यांच्या पत्नी अनसूयाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

मुहूर्ताच्या बाबतीत गुरुजी भलते कडक. गाडी कंटेनरवरून उतरली, कागद झाले, मालक किल्ली घ्यायला अगदी हातघाईवर आला, तरी गुरुजी हो म्हणेपर्यंत ती शोरूमच्या काचेआडच उभी राहायची. अमावस्या नको, ग्रहणाच्या आसपास नको, आणि पितृपक्षाचं तर नावच काढायचं नाही. पितरांच्या त्या पंधरवड्यात शोरूममध्ये माशी फिरकत नसे. गंमत अशी, की बाकीच्या जगाला अशुभ वाटणारा हा पंधरवडाच गुरुजींच्या सुगीचा. साऱ्या महाराष्ट्रातून लोक आपापल्या वाडवडिलांची श्राद्धं करायला रामकुंडावर येत, आणि गुरुजींना घास खायला फुरसत मिळत नसे. पण स्वतःचं दुकान ज्या दिवसांत जोरात चालतं, त्याच दिवसांत दुसऱ्याला बंद ठेवायला सांगण्यात आपलं काही चुकतंय, असं त्यांच्या मनातही कधी आलं नव्हतं.

करोना ओसरला आणि गाड्यांचा दुष्काळ पडला. नखाएवढी एक चिप म्हणे परदेशातून येईना, आणि तिच्यावाचून अख्खी गाडी कारखान्यात अडकून पडलेली. नाशकात ही टंचाई सगळ्यांत आधी कळली ती गुरुजींना, कारण त्यांच्या पिशवीतली लिंबं सुकायला लागली. त्या वर्षीच्या दसऱ्याला लोक हार घेऊन आले आणि गाड्याच नव्हत्या. एका कुटुंबाने मुहूर्त चुकू नये म्हणून शोरूममध्ये मांडून ठेवलेल्या नमुन्याच्या गाडीची यथासांग पूजा करून घेतली, तिला नमस्कार केला आणि रिक्षाने घरी गेले. गुरुजींनी हा किस्सा घरी रंगवून सांगितला तेव्हा हसताहसता अनसूयाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढच्या वर्षी हसण्यावर नेण्याची पाळी आपल्यावर येणार आहे, हे तेव्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

अनसूयाबाई टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. निवृत्तीनंतर बायका भजनी मंडळात जातात, सहलीला जातात; ह्या थेट मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गेल्या. गुरुजींनी कारण विचारलं तर म्हणाल्या, "मला कुणाला न विचारता कुठेतरी जायचंय. कुठे ते अजून ठरलं नाही." गुरुजींनी त्यावर मान डोलावली, कारण ह्या बाईच्या आणि चाकाच्या मध्ये उभं राहायचं नसतं हे त्यांना त्यांच्या आईने शिकवलं होतं.

ती हकिकत जुनी. लग्न होऊन अनसूयाबाई पंचवटीत आल्या तेव्हा नोकरीवर जायला त्यांनी लुना घेतली. गुरुजींच्या घरची सून लुनावर, म्हणजे गल्लीत चर्चेला खाद्यच. पहिल्या दिवशी लुना दाराबाहेर काढली तर समोरच्या ओट्यावर माणसं येऊन बसलेली, आणि सून हँडल धरून तिथेच उभी राहिली. तेव्हा सासूबाई, म्हणजे वत्सलाबाई, नऊवारीचा काष्टा सावरत आल्या आणि मागच्या सीटवर एका बाजूला पाय सोडून बसल्या. सून हळूच म्हणाली, "सासूबाई, लोक बघताहेत." वत्सलाबाई म्हणाल्या, "बघू देत. डोळे त्यांचे आहेत." आणि दारात उभ्या असलेल्या गुरुजींच्या देखत त्या दोघी पुलावरून पार रविवार कारंज्यापर्यंत जाऊन आल्या. आल्यावर वत्सलाबाईंनी कंबर दुखते म्हणून दोन दिवस लेप लावून घेतला, पण तक्रार केली नाही. त्या गेल्या तेव्हा गुरुजींचे वडील हयात होते. नंतर वडीलही गेले, पण सवाष्ण गेलेल्या बायकांची जी अविधवा नवमी पितृपक्षात येते, ती गुरुजींनी आईच्या नावाने पुढेही चालूच ठेवली होती.

तर अनसूयाबाईंना संक्रांतीनंतर लायसन्स मिळालं. एकसष्टाव्या वर्षी, पहिल्या फटक्यात. त्याच आठवड्यात गाडीचं बुकिंग करून टाकू म्हणाल्या. डाळिंबी रंगाची छोटी गाडी त्यांनी मनात पक्की केलेली. गुरुजी म्हणाले, आता काय घाई आहे, साडेतीन मुहूर्तांतला पाडवा तोंडावर आहे, पाडव्याला करू. पाडवा होईपर्यंत त्यांच्यापुढे इतकी माणसं रांगेत जाऊन उभी राहिली, की शोरूममधली स्वरदा, जी गुरुजींना काका म्हणायची आणि त्यांचा शब्द कधी मोडत नसे, तीसुद्धा कपाळाला हात लावून म्हणाली, "काका, जानेवारीत आला असतात तर आत्ता पेढे वाटले असते." गुरुजींनी हे वाक्य घरी नेलं नाही. पण बायकोला सगळं कळतंच.

स्कूलच्या मास्तरांनी सांगितलं होतं की बाई, हात चालू ठेवा, नाहीतर जाईल. गाडी तर नाही. मग अनसूयाबाईंनी इंदिरानगरच्या आपल्या फ्लॅटच्या हॉलमध्ये खुर्ची मांडली, खुर्चीपुढे देवघरातले दोन पाट क्लच आणि ब्रेक म्हणून ठेवले, स्टीलचं ताट हातात धरलं, आणि रोज दुपारी अर्धा तास गाडी चालवायला लागल्या. शेजारच्या खुर्चीत गुरुजींना बसवत. गुरुजी बसत, पेपर वाचत, कधीकधी डुलकी काढत. "अहो, झोपू नका, आता बोगदा आलाय," असं त्या मध्येच म्हणत. इंदिरानगरचा तो हायवेखालचा बोगदा म्हणजे नाशिककरांच्या सहनशक्तीची परीक्षा. चारी बाजूंनी गाड्या घुसतात आणि कुणीच मागे सरत नाही. अनसूयाबाईंना सगळ्या नाशकात भीती होती ती त्या एकाच ठिकाणाची. हॉलमध्ये मात्र त्या तो रोज सहीसलामत पार करत.

गाडी गणपतीपूर्वी नक्की, असं शोरूमवाले म्हणाले होते. गणपती आले, त्यांचं विसर्जन झालं, गाडीचा पत्ता नाही. आणि एक दिवस गुरुजी रामकुंडावरून घरी आले तर दोन्ही पाट देवघरात परत गेलेले. ताट ताटाळ्यात. खुर्ची भिंतीला.

अनसूयाबाई पालेभाजी निवडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "हात गेला हो माझा. काल स्वप्नातसुद्धा गिअर पडेना. आणखी वर्षभराने गाडी आली तर ती काय मी नुसती पुसत बसू? रद्द करून टाका बुकिंग." गुरुजींनी कसंबसं नवरात्रापर्यंत थांबायला कबूल करून घेतलं. त्या हो म्हणाल्या, पण पुन्हा पाट काही मांडले नाहीत. गुरुजी जन्मभर लोकांना मुहूर्त देत आले आणि घरच्या बाईची वेळ मात्र त्यांनीच घालवली, ही गोष्ट आता त्यांना रोज जेवताना टोचायला लागली.

मग पितृपक्ष लागला. रामकुंडावर पाय ठेवायला जागा नाही. एका श्राद्धाचे पिंड उचलून दुसऱ्याचे दर्भ मांडायचे, ओल्या धोतराने इकडून तिकडे पळायचं, अशा घाईत पिंपळगाव बसवंतहून कारभारींचा फोन आला. कारभारी मोठे द्राक्षबागायतदार, द्राक्षं भरून पाठवायचं स्वतःचं पॅकहाऊस, आणि मुख्य म्हणजे गायधन्यांचे तीन पिढ्यांचे यजमान. त्यांची गाडी आली होती. शोरूमवाले म्हणतात लगेच न्या, तर काय करू, असं ते विचारत होते. गुरुजींनी फोन खांद्याने कानाशी दाबून धरला आणि हातातलं काम न थांबवता नेहमीचं उत्तर दिलं: छे छे, पक्षात गाडी? घटस्थापनेला घ्या, गाडी कुठे पळून जात नाही. कारभारी बरं म्हणाले. गुरुजी पुढच्या यजमानाच्या गोत्राकडे वळले आणि तो फोन विसरूनही गेले.

दोन दिवसांनी गुरुजी संध्याकाळी थकून घरी आले तर दारातच अनसूयाबाई उभ्या. चेहऱ्यावर ते तेज गुरुजींनी जानेवारीनंतर पाहिलं नव्हतं. स्वरदाचा फोन येऊन गेला होता. ह्यांच्याच मॉडेलची एक गाडी शोरूममध्ये येऊन उभी आहे. ज्याची होती त्याने पक्षात नको म्हणून सोडली. त्याच्यामागच्यांना एकेक करून विचारलं, तेही सगळे पितरांना भिऊन मागे सरले. असं करत करत नंबर ह्यांच्यापर्यंत येऊन ठेपला. दोन दिवसांत होय-नाही सांगा, नाहीतर गाडी जळगावच्या शाखेला जाईल. आणि नवरात्रात येणाऱ्या गाड्या कंपनीने कमी केल्यात, पुढचं काही खरं नाही.

"रंग पांढरा आहे," अनसूयाबाई ताट वाढता वाढता म्हणाल्या. "असू दे पांढरा. आत बसलं की बाहेरचा रंग कुठे दिसतो? आणि ऐका तर, ती गाडी पिंपळगावच्या कुणा बागायतदाराची होती. त्याच्या गुरुजींनी त्याला मनाई केली म्हणे. कोण अडाणी असेल तो असो, देव त्याचं भलं करो."

गुरुजींना आमटीचा जोरात ठसका लागला. अनसूयाबाईंनी पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. गुरुजी ताट तसंच ठेवून गॅलरीत जाऊन उभे राहिले.

गाडी घ्यावी, तर उद्या कारभारींना कळणार, नाशिक काही एवढं मोठं नाही, की गुरुजींनी आपल्याला पितरांचा धाक दाखवला आणि गाडी स्वतःच्या दारात नेऊन उभी केली. तीन पिढ्यांच्या विश्वासाला चूड लागली असती. आणि न घ्यावी, तर नवरात्रात बुकिंग रद्द, खुर्ची कायमची भिंतीला, आणि बायको पुढची सगळी वर्षं रिक्षावाल्याला विचारत बसणार, येता का. गुरुजींना आपल्या त्या एका फोनचा मनापासून राग आला. पंचांगात न बघता, पोथी न उघडता, दोन पिंडांच्या मध्ये तोंडातून निघून गेलेलं उत्तर होतं ते. आत ताटावर झाकण ठेवल्याचा आवाज आला, आणि गुरुजींच्या लक्षात आलं की अनसूयाबाई गुणगुणताहेत. ते ऐकून मात्र त्यांना राहवेना.

ते आत आले आणि म्हणाले, "तो अडाणी मीच."

अनसूयाबाईंचं गुणगुणणं थांबलं. सगळी हकिकत त्यांनी उभ्याउभ्याच ऐकली. मग पदराला हात पुसत म्हणाल्या, "साऱ्या नाशिकला नको-हो सांगत बसता. कधी घरात विचारून बघायचं होतंत."

"फोन लावा त्यांना," अनसूयाबाई म्हणाल्या. "आत्ता, माझ्यासमोर. त्यांची गाडी आहे, त्यांना परत विचारा. ते नेतो म्हणाले तर आपलं नशीब. पण अशी पळवलेली गाडी मी चालवणार नाही."

हे बोलताना त्यांचा आवाज सरळ होता, पण हात खुर्चीच्या पाठीवर घट्ट आवळलेला गुरुजींनी पाहिला. ह्या बाईचा आपण कधी पुरता मान राखला नाही, असं त्यांना वाटून गेलं. त्यांनी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

पलीकडून पॅकहाऊसमधला कालवा ऐकू येत होता. गुरुजींनी आधी घसा साफ केला, मग कधी कुणा यजमानाला न म्हटलेलं वाक्य म्हटलं: "कारभारी, मी परवा तुम्हाला चुकीचं सांगितलं." गाडी आता आपल्याला मिळते आहे, हेही त्यांनी लपवलं नाही. मग म्हणाले, "मी वाचलेल्या कुठल्याही पोथीत मोटारगाडीचं नाव नाही. माझे वडील नको म्हणायचे, म्हणून मी नको म्हणतो. पितर म्हणजे कोण, आपलेच आजे-पणजे. नातवाने गाडी आणली तर ते कशाला रागावतील? गाडी तुमची आहे. उद्या सकाळी घेऊन जा, मी पूजा करतो."

पलीकडे कारभारी हसायला लागले, आणि ते हसू बराच वेळ आटोपेना.

"गुरुजी, तुमी म्हनता तर शास्त्रात नसंल बी," ते म्हणाले. "पर आमच्या घरात शास्त्र आमच्या मालकिनीचं, सिंधुबाईचं चालतं. पक्षात नवी गाडी दारात उभी केली, तर मला बी ती दारातच उभा करील. मी नाय म्हनलो ते निम्मं तुमच्यासाठी आन निम्मं तिच्यासाठी. तुमी घ्या खुशाल. तुमचं न् पितरांचं रोजचं जानं-येनं हाय, तुमाला कोन काय बोलनार?"

गुरुजी म्हणाले, पण तुमची गाडी मग दिवाळीनंतरही येते की नाही कोण जाणे. कारभारी म्हणाले, "जुनी लय दमदार हाय अजून. एक मातर करा. माझी येईल तवा पूजेला तुमी पिंपळगावला यायचं, आन वहिनींनी गाडी चालवत तुमाला आनायचं. हायवेनं. सिंधुबाईला बघायचंय."

फोन बंद झाला. अनसूयाबाईंनी खुर्चीची पाठ सोडली आणि सरळ देवघरात जाऊन दोन्ही पाट काढून आणले. गुरुजी सवयीने पंचांगाकडे वळले. वाईटातल्या वाईटात जरा बरी वेळ सापडते का ते बघायला. पाट मांडता मांडता त्या म्हणाल्या, "पंचांग ठेवा खाली. नवमीला आणू." नवमी म्हणजे वत्सलाबाईंची. गुरुजींनी पंचांग मिटलं. त्या रात्रीची आमटी त्यांनी पुन्हा गरम करून दोनदा मागून घेतली.

नवमीला दुपारी घरी श्राद्ध झालं. सवाष्ण जेवायला घातली, तिला साडी दिली. गुरुजींनी काकघासाचं पान गच्चीच्या कठड्यावर नेऊन ठेवलं आणि हात जोडून उभे राहिले. दुसऱ्यांच्या कावळ्यांसाठी ते आजवर तासन् तास उभे राहिले होते. कावळा शिवेना म्हणून घाबरलेल्या मुलांना 'त्यांना सांगा, धाकटीचं लग्न करू, जमीन विकणार नाही' असं सुचवत आले होते. आज गाडीचं आईला कसं सांगावं, ह्याची त्यांनी मनात जुळवाजुळव केली. पण तोंड उघडायच्या आत कावळा आला आणि वड्यावर तुटून पडला. आईला कसलंही आश्वासन नको होतं. गुरुजी घाईने खाली उतरले आणि बायकोला म्हणाले, चल, उशीर नको.

शोरूम ओस पडलेली. ऐन पक्षात गुरुजी आले म्हणून सगळे कर्मचारी चकित, आणि ते स्वतःच्या गाडीसाठी आले हे कळल्यावर तर दोघं-तिघं काम सोडून बघायला उभे राहिले. स्वरदाने दिवस बघून मोठाले फुगे काही लावले नव्हते, फक्त एक झेंडूचा हार तेवढा आणून ठेवला होता. गुरुजींनी पिशवी उघडली, चाकांखाली लिंबं ठेवली, बॉनेटवर स्वस्तिक काढलं. इथवर हात आपोआप चालत होता. मग संकल्पाला पळी उचलली आणि ते थबकले.

आजवर समोर मालक बसलेला असायचा. आज मालक कोण? गाडीचे कागद अनसूयाबाईंच्या नावावर, चालवणार त्या, वाट बघितली त्यांनी. गुरुजींनी पळी त्यांच्या हातात दिली. नाव-गोत्र त्यांचं घेतलं. स्वस्तिकावर हळदकुंकू, अक्षता, फूल, सगळं त्यांच्याकडून करून घेतलं. पूजा ऐन रंगात आली तेव्हा सवयीने त्यांच्या तोंडून निघालंच, "हाताला हात लावा," आणि ते वळून बघतात तर मालकिणीच्या शेजारी कुणीच नाही. अनसूयाबाई त्यांच्याकडे पाहत वाट बघत होत्या. मग गुरुजींनी आपला उजवा हात पुढे केला आणि त्यांच्या हाताला लावला. स्वरदा फोटो काढायला पुढे आली होती, पण तिने तो जरा थांबून काढला.

नारळ फुटला, लिंबं चिरडली गेली. एक नारळ घरच्या देवासाठी म्हणून गुरुजींनी मांडीवर घेतला आणि शेजारच्या सीटवर बसले. शोरूमच्या फाटकातच गाडी एकदा बंद पडली. अनसूयाबाईंनी पुन्हा चालू केली, आणि मग गोविंदनगरपर्यंत प्रवास हॉलमधल्यासारखाच झाला. फरक इतकाच, की गुरुजींना डुलकी लागली नाही. ते मनात रामरक्षा म्हणत होते, आणि एरवी त्यांना तोंडपाठ असलेल्या त्या स्तोत्रातला एक श्लोक त्यांनी तीनदा म्हटला.

बोगद्याशी गर्दी होती. रोजच्यासारखीच, पुढून रिक्षा, डावीकडून टेम्पो, मधूनच दुचाकी. अनसूयाबाईंनी वेग कमी केला, ब्रेक दाबला, क्लच सुटला, आणि गाडी नेमकी बोगद्याच्या मधोमध बंद पडली. मागून हॉर्न सुरू झाले. कोऱ्या पांढऱ्या गाडीच्या आरशांना झेंडूचे हार, बॉनेटवर ताजं स्वस्तिक, आणि पंधरवडा पितरांचा. जो तो वाकून बघायला लागला. शेजारच्या स्कूटरवरच्या एका माणसाने हेल्मेटची काच वर केली. तो गुरुजींना ओळखत होता. गेल्या वर्षी त्यालाही त्यांनी पक्षात स्कूटर घेऊ दिली नव्हती.

"गुरुजी, तुम्ही? पितृपक्षात नवी गाडी?"

गुरुजींनी काच खाली केली. "गाडी माझी नाही, हिची आहे," ते म्हणाले. "आणि आज हिच्या सासूबाईंचा दिवस आहे." त्या माणसाला ह्यातून काय कळलं देव जाणे, पण त्याने नकळत हात जोडले.

इकडे अनसूयाबाई गाडी चालू करायला बघत होत्या. किल्ली फिरवली की गाडी आचका देई आणि पुन्हा गप्प होई. हॉर्न वाढतच चालले. त्यांनी पुढे नजर ठेवून अगदी हळू आवाजात म्हटलं, "लोक बघताहेत हो."

"बघू देत," गुरुजी म्हणाले. "डोळे त्यांचे आहेत."

अनसूयाबाईंनी झटकन मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. कितीतरी वर्षांत ते वाक्य त्या घरात कुणी उच्चारलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले आणि त्याच वेळी त्यांना हसूही आलं. त्यांनी नाक वर ओढलं, क्लच पुरता दाबला, पहिला गिअर टाकला, किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली. टेम्पो त्यांच्याकडे बघून चक्क थांबला, रिक्षा मागे सरली, आणि पांढरी गाडी सावकाश, पण न थांबता, बोगद्यातून पलीकडच्या उन्हात बाहेर पडली.

पुढे घराचं वळण आलं. अनसूयाबाईंनी इंडिकेटर लावला, क्षणभर विचार केला आणि तो बंद करून गाडी सरळ पुढे नेली. गुरुजींनी कुठे चाललो म्हणून विचारलं नाही. त्यांनी मांडीवरचा नारळ तेवढा नीट धरला.